तेवीस नंबरचं कार्ड

१

मंगळवारी सकाळी व्हर्ना ट्रेव्हॅरोचा फोन आला. "कशी आहेस" नाही, "काय करतेस" नाही, थेट म्हणाली, "हेल्मी, आयलीचं कार्ड गेलं गं!"

मी नुकती कॉफी ओतली होती आणि वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तोंडाशी नेला होता. तो बशीत ठेवला.

"गेलं म्हणजे? कार्डाला काय पाय फुटले?"

"चोरीला गेलं. परसातल्या बांधकामांच्या खणातून. बावीस आहे, चोवीस आहे, मधलं तेवीस नाही. आणि परवा सुनावणी आहे. आता त्या म्हातारीचं कसं व्हायचं?"

एकतीस वर्षं मी या गावचं पोस्ट सांभाळलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी कुणाचं काही हरवलं की अजून माझ्याच नावाने हाका मारतात. पण व्हर्नाला मी इतकं रडकुंडीला आलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती गावाच्या कचेरीची कारकून. गावात सगळे फिनिश वंशाचे, आणि ही एकटी कॉर्निश, इंग्रजांकडची. कागदपत्रांच्या बाबतीत आम्हा सगळ्यांपेक्षा कडक. तिच्या कचेरीतून टाचणी हलली तर ती कचेरी डोक्यावर घेते.

प्रकरण असं होतं. गेल्या वर्षी ड्वेन हायकिनेनने नवा नियम आणला. ड्वेन म्हणजे आमचा बांधकाम अधिकारी. चर्चमध्येसुद्धा कमरेला मोजपट्टी लावून येणारा माणूस. तलावाकाठी नवे लोक येऊ लागले आणि घरं सोडून परसात काय वाटेल ते उभं करू लागले. ड्वेन म्हणायचा, नाकापेक्षा मोती जड झालाय. मग त्याने पाच पानी नियम लिहिला: परसातलं बांधकाम, मग ते कोठार असो, नावेची शेड असो की आमची वाफेच्या आंघोळीची सौना असो, मुख्य घरासारखंच दिसलं पाहिजे. भिंती त्याच, रंग तोच, छपराचा उतार तोच. नाहीतर तीस दिवसांत बदला किंवा पाडा.

सूट एकालाच. जे बांधकाम जुन्या मोजणीच्या कार्डावर आहे आणि कार्डावर लिहिलंय तसंच अजून उभं आहे, त्याला हात लावायचा नाही.

आयलीताईंचं घर पांढऱ्या फळ्यांचं, दुमजली. मागे त्यांची सौना. काळ्या ओंडक्यांची, डांबर प्यायलेली, बुटकी. दोन्हींचं रूप म्हणजे एकमेकांशी काही देणंघेणं नाही. कार्ड असतं तर प्रश्नच नव्हता. कार्ड नाही म्हणजे सौना जाणार. आणि आयलीताईंचा जन्म त्याच सौनेत झालेला, शहाऐंशी वर्षांपूर्वी. त्यांचा नवरा तोइवो गेला तेव्हा त्याला शेवटची आंघोळही त्यांनी तिथेच घातली होती.

मी बूट चढवले. कॉफी तशीच राहिली, आणि मी कॉफी तशीच ठेवून उठते म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

२

कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि एक पंखा. व्हर्नाचे डोळे लाल झाले होते.

"झाडांचा पराग उडतोय ना," ती म्हणाली. मी मान हलवली.

भिंतीला लाकडी कपाट, त्यात दोन लांब खण. वरच्यावर "घरे" लिहिलेलं, खालच्यावर "परसातली बांधकामे". १९१५ साली सरकारी मोजणीदाराने गावातलं प्रत्येक बांधकाम मोजून केलेली ती कार्डं, प्लॉटच्या नंबराप्रमाणे लावलेली. कपाटाला कुलूप असतं, आणि त्याची किल्ली दाराच्या मागे खिळ्याला असते, हे गावातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

मी खालचा खण ओढला. बावीस आणि चोवीसच्या मध्ये एक कोरी गुलाबी चिठ्ठी उभी होती.

त्या चिठ्ठीकडे मी जरा वेळ बघत राहिले. काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळेना.

"काल इथे कोण कोण आलं?"

"तिघं. सकाळी तो तक्रारवाला ब्रेनमन आला, नियमाची प्रत मागायला. दुपारी आयलीचा भाचा रॉडनी, प्लॉटचा नकाशा हवा म्हणून. आणि ड्वेन काय, दिवसभर आत-बाहेर करतच असतो."

"आणि तू कुठे होतीस?"

"जेवायला बाहेर बाकावर बसले होते, अर्धा तास. पेस्टी आणली होती घरून, मांस-बटाटा भरलेली." तिने रुमाल काढला. "हेल्मी, कुणाला काय मिळालं गं यातून? एकोणीसशे चौदाचं ते बांधकाम, कोण्या कोपऱ्यात उभं आहे बिचारं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

एवढ्यात ड्वेन आत आला. मला बघून थबकला.

"हेल्मीबाई, तुम्ही तपासाला? म्हणजे पोलिसांना सुट्टी द्यायची का आता?"

"पोलिसांना कार्ड कसलं हे समजावता समजावता गुरुवार उजाडेल. ड्वेन, खरं सांग, आयलीताईंची सौना पाडावी असं तुला वाटतं?"

त्याचा चेहरा उतरला. "वाटण्याचा प्रश्न नाही हो. मी लहान असताना दर शनिवारी त्याच सौनेत जायचो. पण नियम मीच लिहिला. पहिल्याच म्हातारीपाशी वाकवला तर उद्या सगळे म्हणतील, ड्वेनचा नियम रबराचा. कार्ड आणा, मी स्वतः सूट लिहून देतो. कार्ड नसेल तर माझा नाइलाज आहे."

"आणि तूच घेतलं असलंस तर?"

"मी?" तो खरोखर दुखावला. "मी घेतलं असतं तर रीतसर पावती लिहून ठेवली असती."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. मी त्याचं नाव मनातल्या मनात खोडलं. उरले दोघे, आणि दोघांकडेही कारण होतं.

३

आयलीताईंच्या सौनेविरुद्ध तक्रार करणारा ब्रेनमन तीन वर्षांपूर्वी दक्षिणेकडून आला होता. त्याचं घर तपकिरी, नावेची शेडही तपकिरी. तो शेडच्या पायरीवर बसून जाळं सोडवत होता.

"तुम्ही त्या बाईंच्या सॉनाबद्दल आला असणार," तो म्हणाला.

"सौना. सौ-ना. तीन वर्षं झाली की हो तुम्हाला, एवढा एक शब्द तरी नीट शिका."

तो हसला. मला त्याला चिडवायचं होतं, पण तो काही चिडला नाही.

"बाई, ही शेड आधी निळी होती. माझ्या बायकोने रंगवलेली. तिच्या हातचं तेवढं शेवटचं काम होतं. नियम आला, ड्वेन मोजपट्टी घेऊन आला, तपकिरी करा म्हणाला. केली. मग मी रोज समोर ती काळी झोपडी बघतो. माझ्या बायकोचा निळा चालत नाही आणि त्यांचा काळा चालतो? नियम असेल तर सगळ्यांना असू दे, एवढंच माझं म्हणणं."

तीन वर्षं हा माणूस माझ्यासमोर होता आणि त्याला बायको होती का, हेही मी कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली मला.

"कार्ड तुम्ही घेतलं का?" मी शेवटी विचारलं.

"नाही. मला पाडापाडी नको होती, बरोबरी हवी होती. आणि काल घेणार तरी कसं? मी गेलो तेव्हा कारकूनबाई टेबलाशी काहीतरी वाचत बसल्या होत्या. मी तीन वेळा खाकरलो, मग त्यांनी वर पाहिलं. अशा दचकल्या, जणू मीच भूत आहे. नियमाची प्रत दिली तीही दुसऱ्याच नियमाची. कुत्र्यांच्या परवान्याची."

व्हर्नाने चुकीचा कागद दिला? आमच्या व्हर्नाने? मी तिथून निघाले ती विचार करतच.

४

आयलीताईंकडे पोचले तेव्हा रॉडनी स्वयंपाकघरात बसला होता. समोर टेबलावर रंगीत माहितीपत्रक: म्हाताऱ्या माणसांसाठी शहरातली घरं, लिफ्ट, नर्स, जिन्याला दोन्हीकडे कठडे.

"हेल्मी, ये. कॉफी घे," आयलीताई म्हणाल्या. त्यांनी शालीचं टोक खांद्यावर घेतलं. "हा मला लिफ्टच्या गोष्टी सांगतोय. मी म्हटलं, मला वर जायचंच आहे, पण ते एकदाच. त्याला लिफ्ट कशाला?"

"आत्या, थट्टा नको ना," रॉडनी म्हणाला. तो पन्नाशीचा, चांगला सज्जन माणूस. आई लवकर गेली म्हणून आत्यानेच वाढवलेला. "मार्चमध्ये बर्फावर पडलीस. दोन तास कुणाला पत्ता नव्हता."

"सापडले ना? मग झालं तर." त्या उठल्या आणि काठी घेतली. "तुम्ही बसा बोलत. मी जरा घरी जाऊन येते."

आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या.

रॉडनीने माझ्याकडे पाहिलं. त्याचा आवाज खाली आला. "ऐकलंत? घरातच उभी राहून म्हणते, घरी जाते. हे हल्ली रोजचं झालंय. हेल्मीबाई, तिचं डोकं थकलंय. सौना गेली तर एका परीने बरंच होईल, ती इथून हलेल तरी."

"म्हणजे कार्ड नसलेलं तुझ्या पथ्यावरच."

"पथ्यावर आहे, नाही म्हणत नाही. पण चोरलं नाही मी. आत्याला फसवून नेऊ कसं? ती माझ्या डोळ्यांत बघून ओळखते, अजूनसुद्धा." तो माहितीपत्रकाच्या कडा दुमडत राहिला. "तिची बुद्धी गेली असं सिद्ध करायला डॉक्टरकडे न्यायचं म्हणतोय. मलाच रात्री झोप लागत नाही."

मी मागच्या दाराने बाहेर गेले. आयलीताई सौनेच्या पायरीवर ऊन खात बसल्या होत्या. मी शेजारी बसले. ओंडक्यांना धुराचा आणि बर्चच्या पाल्याचा वास होता, लहानपणापासून ओळखीचा.

"आयलीताई, 'घरी' म्हणजे इथे आलात का?"

"मग दुसरं कुठे?" त्या म्हणाल्या, जणू मीच वेडी आहे. "आजी असंच म्हणायची. मी तिचं ऐकून ऐकून शिकले. इतकी वर्षं तोइवो होता, तो हसायचा. आता रॉडनी हसत नाही, घाबरतो."

"आणि परवा निकाल विरुद्ध गेला तर?"

त्यांनी पाठीमागच्या ओंडक्यावर तळवा टेकवला. "या ओंडक्यांवर पांढऱ्या फळ्या ठोकल्या तर दोन हिवाळ्यांत आतून कुजतील. ओंडक्याला श्वास लागतो गं. तिला पाडण्यापेक्षा ते वाईट. तिच्या आधी मी गेलेली बरी, असं मी रोज म्हणते. पण देव माझं कधी ऐकतो का?"

त्या रडल्या नाहीत. रडणं मलाच आलं, म्हणून मी तोंड वर केलं. दाराच्या चौकटीवर, डांबराखाली बुजलेले चार आकडे कोरलेले होते. शेकडो शनिवारी त्या दारातून मी वाकून आत गेले असेन, पण वाकणारा माणूस वर कशाला बघतो?

१९११.

पण व्हर्ना तर म्हणाली होती, चौदा.

५

बुधवारी सकाळपर्यंत ते आकडे माझ्या डोक्यात फिरत होते. व्हर्ना आकड्यांत चुकत नाही. ती "चौदा" म्हणाली असेल तर तिने चौदा हे कुठेतरी वाचलंय. कुठे? कार्डावर. कधी? हरवायच्या आधी. म्हणजे ज्या कार्डाचा तिला पत्ताच नाही म्हणते, ते तिने वाचलेलं आहे.

मग ती गुलाबी चिठ्ठी! आता कळलं काय खुपत होतं ते. कार्ड बाहेर काढलं की त्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी उभी करायची, म्हणजे परत ठेवताना जागा चुकत नाही, ही व्हर्नाचीच पद्धत. चोर कशाला जागा राखून ठेवेल? जागा तोच राखतो ज्याला परत ठेवायचं असतं.

व्हर्ना. माझी मैत्रीण. मला कॉफी कडू लागली.

पण का? तिचं आयलीताईंवर किती प्रेम! व्हर्नाचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा सात महिने दर दिवसाआड आयलीताई माशाचं कालवण घेऊन जायच्या, चालत. जिने ती सौना वाचवायची, तिनेच कार्ड दडवावं? आणि कार्डावर चौदा, चौकटीवर अकरा. एकाच इमारतीची दोन वर्षं कशी?

पोस्टात मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवायचे: पत्र हरवत नाही, चुकीच्या खणात जातं. योग्य खणात दहा वेळा शोधून काय उपयोग? शेजारचा खण बघ.

शेजारचा खण! आम्ही सगळे खालच्या खणाभोवती नाचत होतो, वरच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

कचेरीत व्हर्ना एकटीच होती. मी एक शब्द न बोलता किल्ली काढली, "घरे" लिहिलेला खण ओढला आणि तेवीस नंबर काढला. जुनी, तिरपी शाई:

"मुख्य घर. ओंडके, एक खोली, चौदा फूट बाय वीस. बांधणी १९११."

मी मटकन खुर्चीत बसले आणि हसत सुटले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"हसतेस काय?" व्हर्ना पांढरीफटक पडली होती.

"व्हर्ना, दे ते कार्ड. पेस्टीच्या डब्यात आहे की प्रार्थनेच्या पुस्तकात?"

तिने पर्स उघडली, प्रार्थनेचं पुस्तक काढलं, आणि त्यातून पिवळं कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"सोमवारी सुनावणीची फाइल लावत होते," ती म्हणाली. "वाचलं. बघ काय लिहिलंय. परसातलं बांधकाम, फळ्या, पांढरा रंग, १९१४. फळ्या, हेल्मी! ओंडके नाहीत. म्हणजे जुनी सौना फळ्यांची होती, ही काळी नंतर कधीतरी बांधलेली. सुनावणीच्या मंडळाने हे पाहिलं असतं तर आयली तिथेच हरली असती. हरवलं म्हटलं तर निदान तारीख पुढे गेली असती. छत्तीस वर्षांत मी एक कागद इकडचा तिकडे केला नाही. आणि आता चोरी केली." ती हुंदके देऊ लागली.

"अगं वेडे, त्या कार्डावर आणखी काय लिहिलंय ते वाचलंस का? मापं वाच."

"सव्वीस फूट बाय तीस... दोन मजले..." ती थांबली. "दोन मजली सौना?"

"कुठे असते दोन मजली सौना? तू छत्तीस वर्षांत एकदाही आमच्या सौनेत आली नाहीस ना, म्हणून ही चूक झाली. लाजतेस मेली! आमचे लोक इथे आले तेव्हा आधी काय बांधायचे ठाऊक आहे? सौना. एका उन्हाळ्यात उभी राहते. त्यातच चूल, त्यातच झोप, त्यातच बाळंतपण. घर मग सवडीने, दोन-तीन वर्षांनी. मोजणीदार आला तेव्हा आयलीताईंचे आजोबा ओंडक्यांतच राहत असणार. पांढरं घर नुकतंच उभं राहिलं होतं, शेगडी नव्हती, बटाटे भरून ठेवले असतील. त्याने जिथे धूर दिसला त्याला घर लिहिलं आणि जिथे बटाटे दिसले त्याला परसातलं बांधकाम."

व्हर्नाने तोंडावर हात ठेवला. जे कार्ड तिने आयलीताईंना वाचवायला लपवलं, त्याच कार्डाने त्या वाचणार होत्या.

"आता?" तिने विचारलं. "मी हे गुपचूप खणात ठेवलं तर..."

मी किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली. ते तिचं तिनेच ठरवायचं होतं.

६

गुरुवारी संध्याकाळी सहाला कचेरी भरली. आयलीताई पहिल्या रांगेत, शेजारी रॉडनी, मागे ब्रेनमन. व्हर्ना इतिवृत्ताची वही घेऊन बसली होती. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "तेवीस नंबरचं कार्ड सापडलं का?"

मी व्हर्नाकडे पाहिलं नाही.

व्हर्ना उभी राहिली. "हरवलंच नव्हतं. मी घेतलं होतं. मला वाटलं, ते आयलीच्या विरुद्ध जाईल. ते चूक होतं. आणि चूक नसतं तरी घ्यायला नको होतं." मग खाली बसली आणि तेच वाक्य स्वतःच्या अक्षरात वहीत लिहू लागली. सगळ्या खोलीत फक्त तिच्या पेनाचा आवाज येत होता.

मी दोन्ही कार्डं ड्वेनसमोर ठेवली. त्याने वाचली, पुन्हा वाचली, मग स्वतःचा पाच पानी नियम काढला आणि बोट ठेवून ठेवून वाचला. त्याचे कान लाल होत गेले.

"काय झालं ड्वेन?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नियमाप्रमाणे..." त्याने घसा साफ केला. "नियमाप्रमाणे परसातलं बांधकाम मुख्य घरासारखं दिसायला हवं. कचेरीच्या नोंदीप्रमाणे तेवीस नंबरचं मुख्य घर म्हणजे... सौना. परसातलं बांधकाम म्हणजे ते पांढरं, दुमजली."

"म्हणजे पांढऱ्या घराला आता काळे ओंडके लावायचे?" मागून कुणीतरी ओरडलं आणि खोली हसण्याने फुटली. ब्रेनमनही हसत होता. "अहो, मोतीच नाकापेक्षा जड झाला की!"

"ते नको," ड्वेन घाईने म्हणाला. "ते कार्डावर आहे, तसंच उभं आहे, त्याला सूट. आणि मुख्य घर कसं दिसावं याबद्दल माझ्या नियमात एक ओळही नाही." त्याने मोजपट्टी कमरेवरून काढून टेबलावर ठेवली. "ब्रेनमन, तुमच्या निळ्या रंगासाठी अर्ज करा. सूट कशी लिहायची ते मला पुन्हा शिकावं लागेल असं दिसतंय."

अध्यक्षबाईंनी व्हर्नाला लेखी ताकीद दिली. नोकरी राहिली, पण ताकीदही व्हर्नालाच वहीत लिहावी लागली. मग आयलीताई काठी टेकत तिच्या टेबलापाशी गेल्या. मला वाटलं, आता मिठी मारतील. पण आमच्यात मिठ्या मारत नाहीत.

"व्हर्ना," त्या म्हणाल्या, "शनिवारी पाच वाजता ये. टॉवेल तुझा आण. अंग झोडपायचा बर्चचा पाला मी ठेवीन."

छत्तीस वर्षं जिने लाजून नाही म्हटलं, ती या वेळी नाही म्हणू शकली नाही.

शनिवारी आम्ही तिघी मागच्या दाराशी जमलो. व्हर्ना टॉवेल ढालीसारखा धरून उभी होती. रॉडनी परसात लाकडं फोडत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात ते रंगीत माहितीपत्रक नव्हतं. सकाळी सौनेची शेगडी पेटवताना मी ते तिच्यात जळताना पाहिलं होतं.

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "आत्या, कुठे निघालीस?"

"घरी," आयलीताई म्हणाल्या.

त्याने पुढे येऊन त्यांचा हात धरला.

"चल," तो म्हणाला, "मी सोडतो तुला घरापर्यंत."